नऊ नंबरचा बोगदा

आमच्या फ्रिजच्या दारावर कायम तीन याद्या असतात. एक किराण्याची, एक औषधांची आणि एक "राहिलेली कामं" या नावाची, जी आजवर कधी संपलेली नाही. गेल्या वर्षी गणपतीत तिथे चौथी यादी आली. तिच्या डोक्यावर मी लिहिलं होतं, "कोळी, मागचं मैदान". घरी येणारं प्रत्येक माणूस ती वाचून आधी फ्रिजकडे आणि मग माझ्याकडे बघायचं. मी चहा टाकायची.

ती यादी सुरू झाली सासऱ्यांच्या गुडघ्यामुळे.

सासरे रेल्वेत कीमन होते. कीमन म्हणजे रोज सकाळी ठरलेल्या पट्ट्यातून रुळांच्या कडेनं पायी जाणारा माणूस. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या चाव्या असतात, त्या एकेक बघायच्या, सैल असेल ती हातोड्यानं ठोकायची, आणि आपल्याच्यानं होणार नाही असं काही दिसलं तर तिथे खूण करून रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगला कळवायचं. होटगीच्या आसपासच्या पट्ट्यात त्यांची सगळी नोकरी अशी चालण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी होटगीतच दोन खोल्यांचं घर बांधलं. सासूबाई गेल्यावरही ते तिथेच एकटे राहिले. घराच्या मागे ज्वारीचा छोटासा तुकडा आहे, तो शेजारी कसतो आणि हे बांधावर उभं राहून त्याला शिकवतात.

श्रावणात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते सोलापूरला आमच्या फ्लॅटवर आले. आल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "हुरड्याच्या आदी मी होटगीला जाणार."

नवऱ्याला ते मान्य नव्हतं. अण्णांनी आता कायमचं इथेच राहावं, असं त्याच्या मनात पक्कं होतं. होटगीचं घर भाड्यानं मागणारा एक रेल्वेतला मनुष्यही त्यानं शोधून ठेवला होता. बापलेकांची बरीच खडाजंगी झाल्यावर तह ठरला. मागच्या मैदानाच्या टोकाला कडुनिंब आहे. तिथपर्यंत काठीशिवाय जाऊन काठीशिवाय परत यायचं. नोव्हेंबर संपायच्या आत जमलं, तर नवरा स्वतः गाडी काढून त्यांना होटगीला सोडणार. नाही जमलं, तर घर भाड्यानं द्यायचं आणि विषय बंद.

मी ते फ्रिजवर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. लिहून ठेवलेलं बरं असतं.

अडचण एकच होती. सासरे चालेनात. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी सांगून थकली की काका, गुडघा आत्ताच वापरला नाही तर असाच आखडेल. त्यांनी हॉलमधून गॅलरीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या आणि खुर्चीत बसले.

"मामा, वीस सांगितल्यात."

"ही काय चालायची रीत हाय? इंजिन शंटिंगला लावल्यावानी. हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. जायचं कुटं?"

"जायचं कुठंच नाही. नुसतं चालायचं."

"बिनकामाचं चालायला मी काय म्हैस हाय?"

ज्या माणसानं जन्मभर काहीतरी बघण्यासाठी पाय उचलला, त्याला पायासाठी पाय उचल म्हणून सांगणं मलाही पटत नव्हतं.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूर्वा आणायला मागच्या मैदानात गेले. मैदान म्हणजे सोसायटीची मोकळी जागा. बाग होणार म्हणून सोडलेली आणि बाग न झाल्यामुळे छान राहिलेली. रात्री दव पडलं होतं. वाकले तर गवतावर जागोजागी पांढरे हातरुमाल वाळत घातल्यासारखं काहीतरी दिसलं. जाळी होती. आपल्या घराच्या कोपऱ्यात असतात तशी चक्राकार किंवा लोंबती नाहीत. सपाट, दाट, जमिनीला समांतर ताणलेली, आणि प्रत्येकीच्या एका कडेला ती गोळा होत होत नरसाळ्यासारखी खाली गवतात शिरलेली. नरसाळ्याच्या तोंडाशी पुढचे पाय बाहेर काढून एक तपकिरी कोळी बसलेला. दूर्वा राहिल्या बाजूला, मी मोजायला लागले. एकोणीस भरली.

चहाच्या वेळी सासऱ्यांना सांगितलं, "मामा, मागे गवतात कोळ्यांनी बोगदे केलेत."

त्यांनी बशी खाली ठेवली. "बोगदे? दोनी अंगानं उघडे का एकाच?"

"ते नाही बघितलं."

"मग बोगदा कशावरनं म्हणतीस? एका अंगानं बंद आसंल तर ते बीळ. बोगद्यातनं पलीकडं निघता आलं पायजे."

"कोळ्याच्या बाबतीत एवढं काटेकोर..."

"इन्स्पेक्टरसाहेब," ते म्हणाले. मी यादी हातात धरली की मला ही पदवी मिळते. "अर्धवट बघून रिपोर्ट देत न्हायती." आणि काठी घेऊन उठले.

त्या दिवशी ते पहिल्या जाळ्यापर्यंत गेले, म्हणजे फाटकापासून वीसेक पावलं. वाकता येत नव्हतं म्हणून काठीवर भार देऊन उभ्यानंच बघत राहिले. मी गवताची काडी घेऊन जाळ्याला हळूच टोचलं. कोळी विजेसारखा बाहेर आला, काडीपासून बोटभर अंतरावर थबकला, आणि तसाच मागच्या मागे बोगद्यात गेला. मी परत टोचलं. आता तो आलाच नाही.

"खोटी झेंडी वळकली त्येनं," सासरे हसून म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर ते पहिल्यांदा हसले होते.

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते. दुसऱ्या दिवशी मोबाइलवरचे फोटो घेऊन प्राणिशास्त्राच्या मॅडमना गाठलं. त्यांनी एका नजरेत सांगितलं, "हिप्पासा. लांडगा कोळ्यांच्या कुळातला." या कुळातले बहुतेक कोळी जाळं विणतच नाहीत, जमिनीवर पळून शिकार करतात. हिप्पासा हा त्या घरातला वेगळा निघालेला. पळायचा वेग कुळाचा ठेवला आणि वर घरही बांधलं. जाळं अजिबात चिकट नसतं, हे ऐकून मी चकित झाले. माशी चिकटून अडकत नाही, तिचे पाय त्या दाट धाग्यांत अडखळतात. तेवढ्या थरथरीनं आतल्याला कळतं की कोण आलं आणि कुठे आलं. तो धावत येतो, चावा घेतो आणि शिकार ओढत बोगद्यात नेतो. जेवण घरात बसूनच.

"मॅडम, बोगदा मागून उघडा असतो का?"

"असतो म्हणतात. मी स्वतः नीट पाहिलेला नाही. तुम्ही बघा आणि मला सांगा."

झालं. यादीत एक रकाना वाढला: "मागचं दार". त्यात एकोणीस प्रश्नचिन्हं काढली.

रोज सकाळी साडेसहाला आमची फेरी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी माझी पद्धत मोडीत काढली. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना जाळी होती आणि मी नागमोडी जात एकदाच सगळी बघत होते. ते म्हणाले, हे चालणार नाही. कीमन जाताना एक रूळ बघतो आणि येताना दुसरा. दोन्ही एकदम बघायला गेलं की एकही धड बघून होत नाही. तेव्हापासून जाताना डावी बाजू, येताना उजवी. साहजिकच जितकं जायचं तितकंच परत चालायचं झालं. गुडघ्याचा आकडा मी यादीच्या मागच्या बाजूला वेगळा लिहीत होते: आज सहा नंबरपर्यंत, आज आठ, आज पाऊस म्हणून सुट्टी, आज अकरा.

नंबर अर्थातच दिले होते. पाच नंबर आळशी, उन्हं वर आल्याशिवाय तोंड दाखवायचा नाही. बारा आणि तेराची जाळी इतकी जवळ की एकाची शिकार दुसऱ्याच्या अंगणात पडायची आणि दोघं एकदम धावायचे. दसऱ्याच्या सुमारास अठरा नंबरचा कोळी घर सोडून गायब झाला. मॅडम म्हणाल्या, तो नर असणार. वयात आल्यावर नर स्वतःचं जाळं टाकून मादीच्या शोधात फिरतो. आठवड्याभरानं तसाच एक किडकिडीत कोळी नऊ नंबरच्या जाळ्याच्या कडेला दिसला. पुढे यायचा, पायांनी जाळ्यावर टकटक करायचा, थांबायचा, पुन्हा टकटक. आपण माशी नाही, पाहुणा आहोत, हे मालकिणीला आधी कळवायचं असतं, नाहीतर जेवणात गणना होते.

"दार वाजवून आत जातोय," सासरे म्हणाले. "बरी चाल हाय मानसाची."

नऊ नंबर ही आमची लाडकी होती. पायवाटेच्या डाव्या अंगाला अर्धी विटकर पडली होती आणि तिच्या बुडाशी हिचा बोगदा शिरलेला. आकारानं सगळ्यांत मोठी. शिवाय सात पायांची, डावीकडचा दुसरा पाय मुळातूनच तुटलेला. पण धावण्यात कुणाला ऐकायची नाही. सासरे तिच्यापाशी सगळ्यांत जास्त वेळ उभे राहायचे. एकदा म्हणाले, "हिला कुनी चालाय शिकवायला येतंय का बघ."

सोसायटीत बातमी पसरलीच. कुणीतरी ग्रुपवर परदेशातल्या जीवघेण्या कोळ्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आपल्या मैदानात हाच आहे, मुलांना सोडू नये". मी सहा मुद्द्यांचं उत्तर टाकलं. त्यातला चौथा मुद्दा असा होता की मी दोन महिने रोज त्यांच्या दारात उभी आहे आणि मला अजून मच्छरच जास्त चावलेत. शेवटी चेअरमन स्वतः बघायला आले. त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे, घरी तेलुगू बोलतात, आणि विणकाम त्यांच्या तीन पिढ्यांचं. चष्मा कपाळावर चढवून ते तीन नंबरच्या जाळ्यावर वाकले.

"काय काम आहे हो! पण मॅडम, ह्यात ताणा कुठला अन् बाणा कुठला?"

"तसं काही नाही. तो इकडून तिकडे फिरत थरावर थर घालत जातो."

"मग हे विणलेलं नाही, थापलेलं आहे," त्यांनी निकाल दिला. "तरी पण भारी. आमच्याकडं असला कारागीर मिळाला तर मी रोज माश्या पुरवतो."

"त्यो एका जागी बसून काम करतो," सासरे म्हणाले. "तुमचा कारागीर निम्मा येळ चहाला आसतोय."

"ते पण खरंय की काका."

दिवाळीपर्यंत सासरे पंधरा नंबरला पोचले. काठी अजून हातात होती, पण तिच्यावरचा भार कमी झालेला मला दिसत होता. आणि मग आम्ही दोघांनी मिळून घोटाळा केला.

नंबरांसाठी मी आइस्क्रीमच्या काड्या रोवल्या होत्या. शेजारच्या शेळ्यांनी त्या चघळल्या, उरलेल्या झाडूवाल्या मावशींनी गोळा केल्या. रोज नव्यानं नंबर लावताना माझा जीव जाई. सासरे म्हणाले, "काड्या कसल्या रवतीस? चुना मार. आमी जन्मभर तेच केलं. खून लांबनं दिसली पायजे." पटलं. मी चुन्याची पिशवी आणली आणि त्यांनी काठीनं दाखवत दाखवत प्रत्येक बोगद्याभोवती माझ्याकडून पांढरं कडं आखून घेतलं. सगळी एकोणीस. अठरा नंबर रिकामा होता, पण यादीत होता म्हणून त्यालाही. फारच सुरेख दिसत होतं. मी फोटोसुद्धा काढला.

त्याच आठवड्यात चेअरमननी मला ऑफिसात फोन केला. झाडं खरं तर पावसाळ्यात लावायची, पण आमच्या सोसायटीला ती दिवाळीनंतर मिळतात. रविवारी खड्डे घ्यायला माणसं येणार होती. मी समितीत आहे आणि नोटिसा मीच लिहिते. चेअरमन म्हणाले, भिंतीलगत बारा जागा चुन्यानं आखून ठेवतो, तेवढी नोटीस टाका. मी दोन कामांच्या मधे ती टाइप केली: "खड्डे चुन्याने आखलेल्या जागीच घ्यावेत. एकही जागा सुटू नये." ही दुसरी ओळ मला कुणी सांगितली नव्हती. ती माझी स्वतःची भर.

रविवारी आम्ही सगळे माळशिरसला नात्यातल्या साखरपुड्याला गेलो होतो. फोन पर्समध्ये, पर्स कुणाच्या तरी मांडीवर. अंधार पडल्यावर परत आलो.

सोमवारी सकाळी फाटकातून बाहेर पडलो आणि दोघंही थांबलो. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर खोल खड्डे होते. भिंतीलगत बारा, आणि आमचे एकोणीस. रोपं आली होती बारा. खणणाऱ्यांनी कामात जराही कसूर केली नव्हती. माझ्या नोटिशीप्रमाणे एकही जागा सुटली नव्हती.

सासरे पहिल्या खड्ड्यापाशी उभे राहिले. त्यांनी आत बघितलं, मग बाजूच्या मातीच्या ढिगाकडे बघितलं.

"मामा, नोटीस मीच लिहिली होती. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तुजी नोटीस, माजा चुना." ते शांतपणे म्हणाले. "खून केली की गँग येनारच. मला ठावं हाय की हे. मीच लोकास्नी शिकवायचो, उगा कुटंबी चुना लावू नगासा, लोक येऊन उकरतील म्हनून."

"त्या माणसांनी निदान विचारायला..."

"त्यास्नी काय बोलू नगंस. खून दिसली, काम केलं. मीबी तेच केलं आसतं."

ते परत फिरले, वर आले आणि खुर्चीत बसले. मंगळवारी साडेसहाला मी चपला घालून दारात उभी राहिले. ते म्हणाले, "तू जा. बघन्याजोगं काय न्हाय तितं." बुधवारी तेही म्हणाले नाहीत. व्यायामवाली मुलगी आली, तिनं गुडघा वाकवून बघितला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. दोन दिवसांत तो आखडायला लागला होता. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा चालू होता.

बुधवारी जेवताना नवरा म्हणाला, "अण्णा, त्या भाडेकरूला रविवारी काय ते सांगायचंय. हो सांगू?"

मला वाटलं, आता भांडण होणार. मी तयारच होते.

"सांग," सासरे म्हणाले, आणि ताक मागितलं.

नवऱ्याला जे हवं होतं ते मिळालं होतं, पण त्याचाही चेहरा पडला. रात्री ओटा आवरताना मी फ्रिजवरची कोळ्यांची यादी काढायला हात लावला. मग तशीच ठेवली. एकोणीस नंबरांपुढे "गेला" असं लिहायचं, तर आधी बघायला हवं. अर्धवट बघून रिपोर्ट देत नाहीत.

गुरुवारी दव भरपूर होतं. मी एकटीच गेले, जाताना डावी बाजू. एक नंबर, नाही. तीन, नाही. चारच्या खड्ड्यापाशी आले तर मातीच्या ढिगावर, दोन ढेकळांच्या मधे, तळहाताएवढं नवं जाळं चकाकत होतं. कडेला इवलंसं नरसाळं. सातजवळ आणखी एक. मी भराभर चालायला लागले. नऊ नंबरचा खड्डा विटकरीच्या अलीकडे खणला होता, तोंडावरचं सगळं गेलं होतं. पण विटकरीच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, गवतात एक दाट जाळं होतं आणि त्याच्या तोंडाशी मोठी तपकिरी कोळीण. तिच्या पाठीमागे, शेपटाच्या जागी, मटाराच्या दाण्याएवढी पांढरट गोळी चिकटलेली.

मी वर आले. सासरे खुर्चीतच होते.

"मामा, विटकरीच्या पलीकडे एक आहे. अंड्यांची पिशवी घेऊन बसलीय."

"नऊ नंबर?"

"सांगता येत नाही."

"पाय मोजलेस?"

"मोजले. सात वाटले. पण चष्मा वर राहिला होता आणि ती पाय जुळवून बसली होती."

"वाटले म्हंजे? सात का आठ?"

"तेच म्हणते, सांगता येत नाही. नऊचा बोगदा तर विटकरीच्या अलीकडे होता. ही पलीकडे आहे. दुसरीच कुणीतरी असेल. मी यादीत नऊपुढे 'गेला' लिहून टाकते."

"थांब की जरा! लई घाई तुला."

त्यांनी काठी घेतली. मी फ्रिजवरची यादी घेऊन मागून निघाले. खड्ड्यांमुळे पायवाट राहिलीच नव्हती. ढेकळं, भुसभुशीत माती, मधेच उघडी पडलेली मुळं. ते सावकाश, प्रत्येक पाऊल बघून टाकत होते, रुळाच्या खडीवरून चालणारा माणूस टाकतो तसं. नऊच्या खड्ड्याशी त्यांनी डावा गुडघा टेकवला, उजवा पाय लांब केला आणि खाली बसले. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा जमिनीवर बसत होते. मी जवळ गेले तर हातानंच थांबवलं.

खड्ड्याच्या उभ्या कापलेल्या मातीतून रेशमाची एक मळकट नळी बाहेर लोंबत होती. विटकरीच्या बाजूला वळून ती मातीत शिरली होती. त्यांनी गवताची लांब काडी घेतली आणि अगदी हलक्या हातानं त्या नळीत सरकवली. सरकवत गेले. विटकरीच्या पलीकडच्या जाळ्याच्या मागे, गवताच्या बुडाशी, काडीचं टोक हललं. कोळीण तीरासारखी बाजूला झाली, गोळीसकट.

"बघ," ते म्हणाले. "दोनी अंगानं उघडा. फावडं पडलं म्होरनं, ही निघाली मागनं. आन् तितंच नवं दार केलं. बोगदा हाय इन्स्पेक्टरसाहेब, बीळ न्हाय."

"पाय?"

"सात. डावीकडचा दुसरा न्हाय." ते तिच्याकडे बघत राहिले. "पिशवी घेऊन पळाली ती. सात पायांवर."

मग ते उठले आणि कडुनिंबाकडे चालू लागले, कारण डावी बाजू अजून संपली नव्हती. सोळा, सतरा, एकोणीस. झाडाला हात लावून वळले आणि उजवी बाजू बघत परत आले. एकोणीसपैकी सात जाळी नव्यानं उभी होती. नऊपाशी आल्यावर वाट सोडून ते तिच्याजवळ गेले. ही जागा आता कुणीही तुडवली असती, रविवारी रोपं लावायला माणसं येणार होती. मी म्हटलं, "थोडा चुना शिल्लक आहे..."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य गिळलं. त्यांनी आपली काठी जाळ्याशेजारी जमिनीत खोल रोवली, खांद्यावरचा लाल चौकड्यांचा पंचा तिच्या मुठीला बांधला आणि लांबून दिसतंय ना ते मागे सरून बघितलं. लाल झेंडी. पुढे काम करू नये. मग खड्डे चुकवत, हात मोकळे सोडून फाटकाकडे निघाले. मी चार पावलं मागे होते आणि एकदाही हात पुढे केला नाही, याचं श्रेय मी स्वतःला देते.

गॅलरीत नवरा तोंडात ब्रश धरून उभा होता. तो तसाच धावत खाली आला.

"अण्णा, काठी कुठंय?"

"कामावर हाय."

नवऱ्यानं फेस थुंकला, कडुनिंबाकडे बघितलं, खड्ड्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "झाडापर्यंत? जाऊन येऊन?"

मी यादीची मागची बाजू दाखवली. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी होती. जाताना काठी हातात होती, येतानाच नव्हती. ठरलं होतं ते दोन्ही वेळचं. सासऱ्यांनाही ते मान्य होतं. "उद्या परत," ते म्हणाले. शुक्रवारी ते आठ वेळा थांबले, एकदा घसरता घसरता सावरले, पण जाऊन आले, काठी नऊ नंबरच्या पहाऱ्यावर ठेवून. नवऱ्यानं त्याच दुपारी भाडेकरूला नाही म्हणून कळवलं आणि विचारलं, "गाडी कधी काढू?"

"इतक्यात न्हाय," सासरे म्हणाले. "तिची पोरं निघू दे."

म्हणजे आता जायची परवानगी मिळाल्यावर हेच हलायला तयार नव्हते. आम्ही रोज सकाळी जात राहिलो. उन्हं आली की नऊ नंबर तोंडाशी येऊन गोळीला ऊन द्यायची. डिसेंबरातल्या एका सकाळी गोळी दिसली नाही आणि तिची पाठ भलतीच खरखरीत, फुगल्यासारखी वाटली. मी चष्मा लावून वाकले. पाठीवर पिल्लं होती, एकमेकांवर चढलेली, मोहरीपेक्षा लहान. मॅडमनी सांगितलंच होतं, ही त्या कुळाची रीत आहे, आई पिल्लांना काही दिवस पाठीवर वागवते. मोजायचा प्रयत्न केला, तीसपर्यंत गेले आणि ती हलली. सासरे म्हणाले, "जाऊ दे, सगळ्याच गाड्यातली मानसं मोजायची नसत्यात."

पाचव्या दिवशी वारं सुटलं होतं. पिल्लं गवताच्या टोकांवर चढून शेपटाकडून एकेक धागा वाऱ्यावर सोडत होती आणि धागा ताणला की सुटत होती. नऊ वाजेपर्यंत तिची पाठ रिकामी झाली. सासऱ्यांनी काठी उपटली, पंचा सोडून झटकला आणि मला म्हणाले, "त्याला सांग, दुपारी गाडी काढ म्हनावं."

जानेवारीत आम्ही हुरड्याला होटगीला गेलो. आगटी पेटली होती, शेजारी कणसं भाजून हातावर चोळत होता, लसणाची चटणी आणि गूळ मांडून ठेवला होता. सासरे म्हणाले, आधी चल, दाखवतो. बांधाच्या कडेनं ते पुढे झाले, हातात काठी नाही. वाळत्या गवतात जागोजागी पांढरे रुमाल ताणलेले. चुन्याची खूण कुठेच नव्हती.

"मामा, नंबर कसे लक्षात ठेवता?"

"रोजचं हाय. ऱ्हातंय ध्यानात."

जाताना आम्ही डावी बाजू बघितली, येताना उजवी. बावीस. मी पर्समधून वही काढली, रकाने आखले आणि "मागचं दार" लिहीत होते, तेवढ्यात त्यांनी माझ्या वहीवर गरम हुरड्याची मूठ ठेवली.

"इन्स्पेक्टरसाहेब, आदी खावा. गार व्हतोय."